प्रवेशाचा अर्ज कोणी भरायचा?

दवाखान्यात सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आला की प्रश्न मी त्याला विचारतो आणि उत्तर त्याची आई देते. "काय होतंय रे?" असे मी विचारावे, तर "रात्री झोप नाही डॉक्टर, सकाळी उठला की मळमळतं," असे शेजारच्या खुर्चीवरून ऐकू येते. किती दिवस झाले, भूक कशी आहे, पोट साफ होते का, सगळ्याची उत्तरे तिकडूनच. पोट मुलाचे, पण कुठे दुखते ते आई बोट ठेवून दाखवते. मुलगा भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत बसलेला असतो. शेवटी मला म्हणावे लागते, "वहिनी, जरा त्याला बोलू द्या." मग तो एक वाक्य बोलतो, तेही आईकडे बघून.

एरवी हे चालून जाते, पण मे ते ऑगस्ट या दिवसांत मला त्याची काळजी वाटू लागते. दहावी-बारावीचे निकाल लागतात, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात आणि दवाखान्यातली गर्दी बदलते. डोकेदुखी, आम्लपित्त, छातीत धडधड, हातापायाला घाम, जेवणावरची वासना उडणे. हे सगळे पोरांमध्ये दिसते आणि त्यांना घेऊन येणाऱ्या आईवडिलांमध्येही दिसते. एकाच घरातले दोघे दोन कागद घेऊन जातात. आरोग्याच्या सदरात कॉलेजच्या अर्जाचे काय काम, असे ज्या वाचकांना वाटत असेल त्यांच्यासाठी हे सांगितले.

आता तर हा प्रश्न घरोघरी आला आहे. अकरावीचा प्रवेश पूर्वी आपल्यासारख्या तालुक्याच्या गावात सोपा होता. दाखला घेऊन कॉलेजात जायचे, खिडकीवर फी भरायची, झाले. ऑनलाईन प्रवेश ही मुंबई-पुण्याची भानगड होती. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून राज्यभर अकरावीचा प्रवेश ऑनलाईन झाला. पोर्टल, पासवर्ड, ओटीपी आणि दहापर्यंत कॉलेजांचा पसंतीक्रम. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातला हा पहिला सरकारी अर्ज. बारावीनंतर तर विचारूच नका. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, कृषी यांची सीईटी वेगळी, वैद्यकीयची नीट वेगळी, आणि नीटमध्येही १५ टक्के जागांची देशपातळीवरची फेरी एकीकडे आणि राज्याच्या ८५ टक्क्यांची दुसरीकडे. अभियांत्रिकीला शंभरावर पर्याय भरणारे लोक मी पाहिले आहेत.

हे एवढे सगळे पोराने एकट्याने करावे, असे म्हणणारा मी नाही. पण ते सगळे बापानेच करून टाकावे, हेही मला मान्य नाही. आणि सध्या आपल्या गावात बहुतेक सुशिक्षित घरांत हेच चालले आहे.

एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मुलगा हुशार, सीईटीला चांगले पर्सेंटाईल, अभियांत्रिकीला जायचे ठरलेले. पंधरा दिवस सकाळी उलट्या. कावीळ नाही, साखर नाही, सोनोग्राफी बाहेरूनच करून आणलेली, तीही स्वच्छ. मी सहज विचारले, "पहिली पसंती कुठली दिलीस?" तो म्हणाला, "पप्पांना माहीत." दुसरी? "पप्पांना माहीत." शाखा तरी? त्यावर तो थोडा थांबून म्हणाला, "कॉम्प्युटर असेल बहुतेक."

बहुतेक! चार वर्षे जे शिकायचे आहे त्याविषयी हा मुलगा 'बहुतेक' म्हणत होता.

वडील बाहेर बसले होते, त्यांना आत बोलावले. नोकरदार गृहस्थ, सज्जन माणूस. त्यांचा रक्तदाब घेतला तर १६० वर १००. गेले तीन आठवडे ते रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मागच्या तीन वर्षांचे कटऑफ बघून तक्ता करत होते. पालकांच्या दोन व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये होते. पासवर्ड त्यांच्याकडे, ओटीपी त्यांच्या मोबाईलवर. मी म्हणालो, "तक्ता उत्तम केलाय तुम्ही. यात त्याचं काय आहे?" ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, त्याला काय कळतंय अजून? माझं एक वर्ष एका तारखेपायी वाया गेलं होतं. त्याचं जायला नको."

या माणसाला दोष देणे सोपे आहे. पण त्याच्या भीतीला कारण आहे, हे आपण समजून घेतले पाहिजे. तारीख चुकली, दाखला कमी पडला, चुकीचे बटण दाबले तर खरोखरच नुकसान होते. आपल्याकडच्या प्रवेशपद्धतीत चुकीला फारशी माफी नाही. त्यामुळे बाप घाबरतो, घाबरला की सगळे स्वतःच्या हातात घेतो, आणि आपण मुलाचे ओझे कमी केले असे त्याला वाटते. मुलाचे ओझे मात्र त्यामुळे वाढते.

ते कसे, हे समजायला शरीराची थोडी माहिती लागेल. भीती वाटली की मेंदू शरीराला सावध करतो. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ग्रंथींमधून ॲड्रिनॅलिन स्रवते, हृदय जोरात चालते, स्नायूंकडे रक्त वळते आणि पचनाचे काम मागे पडते. साप दिसला तर ही व्यवस्था उत्तम. पळा किंवा काठी उचला, पाच मिनिटांत सगळे शांत. पण ज्या धोक्यापुढे पळताही येत नाही आणि काठीही उचलता येत नाही, तिथे ही सावधगिरी दिवसेंदिवस चालूच राहते. मग मळमळ, जुलाब, धडधड, मानेत आखडणे, झोपेचा बट्ट्याबोळ. ज्याच्या हातात थोडे तरी करण्यासारखे असते त्याला हा त्रास कमी होतो आणि जो नुसता वाट बघत बसतो त्याला जास्त होतो, हे आम्हा डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी टेबलावर पडलेल्या माणसापेक्षा बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकाची छाती जास्त धडधडत असते. या मुलाला आपण त्या बाकावर बसवले आहे. निर्णय त्याच्या आयुष्याचा, धावपळ दुसऱ्याची, आणि निकाल मात्र त्याच्या नावाने लागणार.

शिवाय या पोरांचे दुखणे नाटक नसते. तपासणीत काही निघाले नाही याचा अर्थ काही दुखत नाही असा होत नाही. "डॉक्टर, याला काही झालेलं नाही ना? मग याला सांगा," असे म्हणून पालक माझ्याकडून मुलाला दटावून घेऊ पाहतात. ते मी करत नाही.

उलट बाजूही सांगतो, कारण आमच्या व्यवसायात सगळे 'टेन्शन'वर ढकलण्याची खोड वाढली आहे. चक्कर येते, थकवा येतो म्हणून मुलीला आणले की घरचे आधीच निदान करून येतात, "ॲडमिशनचं टेन्शन घेतलंय तिनं." तिची आधी पापणी बघा, हिमोग्लोबिन करा. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले होते. या वयात १२ च्या खाली हिमोग्लोबिन असेल तर रक्त कमी समजायचे. अशा मुलीला आधी लोहाच्या गोळ्या लागतात, उपदेश नंतर. वजन उतरत असेल, हात थरथरत असतील तर थायरॉईड बघावे. हे सगळे झाल्यावरच मन आणि प्रवेश यांच्याकडे वळावे.

तर त्या वडिलांना मी काय सांगितले? तक्ता फाडा असे सांगितले नाही, तो चांगला होता. म्हटले, वरच्या पंधरा कॉलेजांची नावे कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहा, मुलापुढे ठेवा आणि दोन संध्याकाळ तो त्या लावील तशा लावू द्या. तुम्ही शेजारी बसा. विचारलेत तर फक्त 'का' एवढेच विचारा. त्याने लावलेली यादी त्यानेच टाईप करायची, तुम्ही फक्त तपासायची. नवीन पासवर्ड त्याने वहीत लिहून ठेवायचा.

पुढे कळले की यादी फारशी बदललीच नाही. पंधरातली तीन-चार नावे खाली-वर झाली आणि शाखा कॉम्प्युटरची इलेक्ट्रॉनिक्स झाली, कारण घरातले जुने रेडिओ उघडायची त्याला पहिल्यापासून आवड होती. ती घरात सगळ्यांना माहीत होती, पण तक्त्यात तिला रकाना नव्हता. उलट्या दुसऱ्या दिवशी थांबल्या असे मी सांगणार नाही. दहा-बारा दिवस लागले आणि मी गोळ्याही दिल्या होत्या. वडिलांची रक्तदाबाची गोळी मात्र अजून चालू आहे.

काही सुजाण वाचक म्हणतील, मेंदूच्या पुढच्या भागाची, म्हणजे विचार करून निर्णय घेणाऱ्या भागाची वाढ पंचविशीच्या आसपासपर्यंत चालते असे तुम्ही डॉक्टरच सांगता, मग सतराव्या वर्षी त्याच्यावर कसे सोपवायचे? ही वाढ होते हे खरे. पण ती अंगाला तेल लावून होत नाही, वापरून होते. हाडाला प्लॅस्टर घातले की सहा आठवड्यांत पोटरीचा स्नायू किती बारीक होतो ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पाय जपण्यासाठीच प्लॅस्टर घातलेले असते, तरी स्नायू झिजतो. निर्णय घेण्याची सवय वसतिगृहात सामान टाकल्यावर त्या संध्याकाळी लागत नाही. तिथे रोज कुठल्या मेसला जायचे, कोणाबरोबर राहायचे, ताप आला तर कोणाला सांगायचे हे सगळे त्यालाच ठरवायचे असते. पहिल्या वर्षी सुट्टीत घरी आलेली मुले माझ्याकडे येतात तेव्हा चार किलो वजन उतरलेले असते आणि आठ दिवस ताप असूनही डॉक्टरकडे गेलेली नसतात. का नाही गेलास, तर म्हणे, "आईला फोन लागला नाही."

आता दुसऱ्या टोकाकडे येतो. 'त्याचं तो बघून घेईल' म्हणणारी घरेही आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यातली बरीचशी नाइलाजाने तसे म्हणतात. आमच्या वेळचे दाखले देऊन 'आम्ही कुठं कोणाची मदत घेतली होती' असे सांगणारे माझ्या वयाचे लोक भेटतात तेव्हा मला हसू येते. मी बारावी झालो तेव्हा वैद्यकीयचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होता. एक छापील अर्ज आणि त्याला जोडलेले चार कागद. माझे वडील म्हणाले, "पैसे किती लागतील तेवढं सांग, बाकी तुझं तू बघ." ते मला स्वातंत्र्य देत होते असे मला कधी वाटले नाही. त्यांना त्यातले काही ठाऊक नव्हते, एवढेच. आणि तो अर्ज आजच्या अर्जाच्या तुलनेत पोस्टकार्डासारखा होता.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली. नॉन-क्रिमीलेअरचा दाखला अकरावीच्या वेळी काढलेला होता म्हणून घरचे निर्धास्त. त्याची मुदत ३१ मार्चला संपली होती, हे अर्ज तपासणीच्या वेळी कळले. नवीन काढायला सेतूत गेले तर उत्पन्नाच्या कागदात वडिलांच्या नावात एका अक्षराचा फरक. तो दुरुस्त होईपर्यंत तारीख गेली आणि त्या फेरीत ती खुल्या प्रवर्गातून धरली गेली. मुलगी माझ्याकडे आली ती झोप येत नाही म्हणून. "मला आधी बघायला पाहिजे होतं," एवढेच ती परत परत म्हणत होती. सतरा वर्षांच्या पोरीने तहसील कचेरीच्या फेऱ्या कशा मारायच्या? हे काम तिचे नव्हते, मोठ्या माणसाचे होते. तिच्या आईला वाचता येत नव्हते, पण गल्लीत वाचता येणारी चार माणसे होती, एक मामा ग्रामपंचायतीत होता. कोणाला विचारायचे हे माहीत नसल्याने कोणालाच विचारले गेले नाही.

म्हणून 'किती मदत करावी' याचे उत्तर मी मापाने देत नाही, कामे वाटून देतो. सरकारी कचेरीतून आणायचे कागद हे वडीलधाऱ्यांचे काम. जात पडताळणी असेल तर अकरावीतच अर्ज टाका, बारावीच्या निकालाची वाट बघू नका. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, यांच्यावरच्या तारखा जानेवारीतच वाचा. नावातले अक्षर दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळते का ते बघा. पैशाचा हिशेब हेही मोठ्यांचे काम. कॉलेज बघायला बरोबर जाणे, वसतिगृहाचे संडास-बाथरूम आणि पाणी बघणे, परतीची एसटी किती वाजता आहे ते विचारणे, हे दोघांचे. पण कुठली शाखा, कुठले कॉलेज, कुठले आधी आणि कुठले नंतर, आणि शेवटचे 'सबमिट'चे बटण, हे मुलाचे. नेट कॅफेत किंवा महा ई-सेवा केंद्रात अर्ज भरायला गेलात तर खुर्चीवर तो बसेल, तुम्ही मागे उभे राहा. आपल्याकडे बरोबर याच्या उलट असते. बाप खुर्चीवर, चालवणारा माऊसवर आणि मुलगा दारात गाडीची किल्ली फिरवत उभा. एका केंद्रात तर मुलगा आलाच नव्हता, काम चालवणाऱ्याने गिऱ्हाइकांची घाई म्हणून आदल्या मुलाचा पसंतीक्रम तसाच याला लावून दिला, असे मला सांगण्यात आले. खुर्चीवर मुलगा असता तर त्याच्या लक्षात आले असते.

पसंतीक्रमाबद्दल एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते, कारण त्यावरून घराघरात भांडणे होतात. 'मिळण्यासारखं कॉलेज वर टाक, न मिळणारं वर टाकून नंबर वाया घालवू नको,' असे अनेक वडील सांगतात. या फेऱ्यांत जागा गुणवत्तेनुसार आणि तुमच्या क्रमानुसार वाटली जाते. पहिले मिळाले नाही तर दुसरे बघितले जाते, दुसरे नाही तर तिसरे. वर टाकलेले अवघड कॉलेज मिळाले नाही म्हणून खालच्याचा हक्क जात नाही. तेव्हा खरे जे हवे ते वरच टाकावे. फक्त एक ध्यानात ठेवा, पहिल्या पसंतीचे मिळाले तर ते घ्यावेच लागते, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. म्हणजे पहिल्या ओळीत जे नाव आहे तिथे मुलगा खरोखर जायला तयार असला पाहिजे. ती ओळ बापाने परस्पर भरली तर काय होते, हे वेगळे सांगायला नको. नियमांत दरवर्षी थोडाफार बदल होतो, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलाने आणि तुम्ही दोघांनी वाचावी. व्हॉट्सॲपवरच्या काकांवर विसंबू नये.

मुलींच्या बाबतीत मला जास्त बोलायचे आहे, आणि थोडे कडक. 'तुझ्या मनासारखं भर' असे वर्षभर सांगायचे आणि अर्ज बंद व्हायच्या आदल्या रात्री पुण्याची सगळी नावे खोडायची, हा प्रकार मी दरवर्षी ऐकतो. कारण विचारले तर 'ती शाखा काही चांगली नाही' असे मुलीला सांगितले जाते. खरे कारण वसतिगृहाचा खर्च असतो, नाहीतर लोक काय म्हणतील हे असते. मुलगी मूर्ख नसते. तिला खोटे कळते आणि त्यानंतर ती घरात बोलायची बंद होते. मग पाळी चुकते, जेवण कमी होते, डोके दुखते आणि तुम्ही तिला माझ्याकडे आणता.

खर्च परवडत नसेल तर तसे आधी सांगा, डिसेंबरात सांगा. 'वर्षाला एवढे पैसे आपण काढू शकतो, यापुढे नाही' हे स्पष्ट सांगितल्याने कुठल्याही मुलाचा रक्तदाब वाढलेला मी पाहिला नाही. चौकट माहीत असली की मुले तिच्यात बसणारे चांगले शोधतात. आणि खर्चाचे काही दरवाजेही उघडलेले असतात. २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले. राहण्या-जेवणाचा खर्च त्यात येत नाही, तो मोठा असतो, हे मान्य. पण जिला 'फी परवडत नाही' म्हणून घरी बसवले त्या मुलीच्या वडिलांना ही माहिती होती का, असा प्रश्न मला पडतो.

काही साधी पथ्ये आता. या वयाला रात्री आठ ते दहा तास झोप लागते. प्रवेशाच्या दिवसांत ती पाच-सहा तासांवर येते, कारण रात्री बारानंतर फोनवर कटऑफ बघणे चालू असते. रात्री कोणतीही यादी लागत असेल तर ती सकाळी सहालाही तशीच असते. नऊनंतर घरात प्रवेशाचा विषय बंद ठेवा, मोठ्यांनीसुद्धा. जेवताना तर नाहीच. शेजारच्या मुलाचे पर्सेंटाईल हा जेवणाच्या ताटातला पदार्थ नाही. चहा-कॉफी संध्याकाळनंतर नको. झोपेच्या गोळ्या आपल्या मनाने, आजोबांच्या डबीतल्या काढून मुलाला देणारे लोक आहेत म्हणून मुद्दाम सांगतो, तसे अजिबात करू नका.

यादी लागण्याच्या दिवशी मुलगा उपाशी नसावा आणि एकटा नसावा. यादी त्याने स्वतः उघडावी, तुम्ही घरात असावे. मनासारखे मिळाले नाही तर लगेच 'तरी मी सांगत होतो' म्हणू नका, आणि लगेच 'काही होत नाही' असेही म्हणू नका. त्याला काही झालेले असते. दुपारपर्यंत त्याला गप्प बसू द्या, संध्याकाळी पुढच्या फेरीचे बोला.

बहुतेक मुले आठ-पंधरा दिवसांत सावरतात. पण दोन आठवड्यांच्या वर झोप नाही, अन्न नाही, मित्रांचे फोन घेत नाही, आवडीच्या वस्तू दुसऱ्याला देऊन टाकतो, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असे काही बोलतो, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नका. गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रातले होते. हा आकडा वाचून घाबरायचे नाही, पण 'आपल्या घरात असं होणार नाही' असेही धरून चालायचे नाही. मुलाला सरळ विचारावे, "जगू नये असं वाटतं का तुला?" असे विचारल्याने तो विचार मनात येतो ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून मूल मोकळे होते. तो 'हो' म्हणाला तर त्याला एकटा सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे आलात तरी चालेल, तो पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवील. रात्री-अपरात्री सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येते. हा क्रमांक मुलाच्या फोनमध्ये आणि तुमच्याही फोनमध्ये आजच घालून ठेवा.

आणि माझ्याकडे येणार असाल तर एक विनंती. मुलाला बरोबर आणा, पण पहिली पाच मिनिटे तुम्ही बाहेर बाकावर बसा. बोलणे झाले की मी तुम्हाला आत बोलावीन.

(पुढील आठवड्यात : मेसचे जेवण आणि पहिल्या वर्षाची कावीळ)